चहापत्तीचा शेजार

"चहापत्तीला शेजार बघून ठेवावं लागतं. ती शेजाऱ्याचा वास उचलते…"

यासीनचा हा आवाज हादियाच्या कानात चार पावसाळे मुक्कामाला होता. हसत हसत बोललेलं वाक्य. बोलणारा विसरला, ऐकणारी विसरली नाही.

पनवेलच्या बाजारात तिच्या अब्बांचं सुक्या मासळीचं दुकान. बोंबील, जवळा, सोडे. मे महिना लागला की पावसाळ्याच्या बेगमीला गिऱ्हाईक लोटायचं. अशाच एका दुपारी दुकानासमोर यासीनच्या स्कूटरचा टायर फुटला. उरणचा मुलगा, द्रोणागिरीच्या एका गोदामात चहाचे नमुने तपासायचा. हातात कागदी पुड्यांची पिशवी.

"दार्जिलिंगच्या अगदी वरच्या बागेतली पानं आहेत," तो म्हणाला. "टायर उद्या मिळेल म्हणतात. तोवर जरा थंड जागी ठेवाल?"

"ठेवते की."

आणि तिनं दुकानातली सगळ्यात थंड जागा दिली, बोंबलांच्या टोपलीमागची.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुडी उघडली, हुंगली, डोळे मिटून घेतले.

"काय झालं?"

"डोंगरावरून निघालेली पत्ती… वाटेत उरणच्या खाडीत पोहून आलीय."

मग ते शेजाराचं वाक्य. हादियानं ओढणीत तोंड लपवलं, तरी हसू डोळ्यांतून सांडलंच.

"साहेब ओरडतील?"

"ओरडू देत. तुमची तक्रार करायला परत येता येईल."

आला. येतच राहिला. चिमूटभर पत्ती खिशात घेऊन यायचा आणि तिला शिकवायचा: पाणी उकळून खाली उतरव, पत्ती सोड, झाकण ठेव… आणि थांब. दूध नाही, साखर नाही. लांबट पानं हळूहळू अंग सैल करायची, पाणी मधाच्या रंगाचं व्हायचं.

"हा चहा आहे की आजाऱ्याचा काढा?"

"एक घोट घे, मग बोल."

"घेतला. आता आजारीच वाटतंय."

तो कपावरून तिच्याकडे बघायचा, ती बोंबील मोजायला लागायची आणि मोजणी चुकायची. सुकट घेऊन येणारी सखूबाई टोपली उतरवता उतरवता म्हणायची, "गो हादिया, या पावन्याला बोंबील इक, नायतर मन तरी दे. असा फुकट बसवून नको ठेवू."

मग त्याला थेट दार्जिलिंगच्या बागेवरच नोकरी मिळाली. पहिल्या खुडणीची एक पुडी घेऊन तो आला आणि दुकानाच्या पायरीवर उभा राहिला.

"हादिया… जाऊ?"

"नको" अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच वेळी ते वाक्य आठवलं. तो धुक्यातल्या पानांचा माणूस. आणि आपण? कितीही साबण लावा, केसांतून, बोटांतून जवळ्याचा वास हलत नाही.

"जा की," ती हसून म्हणाली. "तुझ्यावाचून पनवेल काय बंद पडणार आहे?"

तोही हसला, पण जरा उशिरा. पुडी गल्ल्यावर ठेवून गेला.

हादियानं ती घरी नेली. पेटीत, ईदच्या कपड्यांत, खसच्या अत्तराच्या बाटलीला लागून ठेवली. उघडली नाही. तो आला की दोघं मिळून पिऊ, असं मनाशी म्हणायची.

आणि आज तो आला होता. निकाहाचं आमंत्रण घेऊन.

"बकरी ईदनंतर आहे. मुलगी तिकडचीच, शाळेत शिकवते… भली आहे."

"मुबारक," हादिया म्हणाली. "चहा घेशील ना?"

दुकानामागेच घर. तिनं पेटी उघडली. पाणी उतरवलं, पत्ती सोडली, झाकण ठेवलं, थांबली. थांबणं तिला आता चांगलं जमत होतं.

यासीननं कप नाकाशी नेला. हात तिथेच राहिला.

"ही… तीच पुडी?"

"हं."

"खसचा वास येतोय." तो वास तो ओळखत होता. ईदच्या दिवशी ती जवळून गेली की मागे राहायचा तो. "कुठं ठेवली होतीस?"

"चांगल्या शेजारात. तूच सांगितलं होतंस ना?" तिनं पुडीची घडी घातली. "त्या दिवशी 'नको जाऊ' म्हणायचं होतं रे. पण वाटलं, आमचा वास तुला लागेल. तुझी पत्ती एकदा मी नासवलीच होती… तुला नासवायचं नव्हतं."

बाहेर सखूबाईची टोपली धप्पकन उतरली. तिनं आत डोकावलं, आणि आल्या पावली मागं फिरली.

पत्ती केव्हाच शिळी झाली होती. कपात नुसता रंग होता, आणि अत्तर. यासीननं तो चहा थेंबही न ठेवता प्यायला. रिकामा कप दोन्ही हातांत धरून बसला.

"ती बोंबलाच्या वासाची पत्ती आठवते?"

"फेकलीस ना ती."

"फेकली नाही. साहेबांना सांगितलं, हरवली. खोलीवर नेली आणि रोज संध्याकाळी तीच प्यायचो… पुरवून पुरवून." त्यानं वर पाहिलं. "ती ज्या दिवशी संपली, हादिया, त्याच दिवशी तुला विचारायला आलो होतो. जाऊ का, म्हणून."