चौथी खुंटी

पटलं तर घ्या, पण यातला शब्द न् शब्द खरा आहे. हे माझ्या सख्ख्या मामांच्या, आत्माराममामांच्या बाबतीत घडलं.

साल १९९१. दसरा नुकताच होऊन गेला होता. गाव तारोडी, उत्तनच्या बाजूचं.

शांती नगरच्या भाड्याच्या घराला वैतागून मामांनी तिथे जागा घेतली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं घर होणार होतं!

जागेत एक जुना दगड उभा होता. त्यावर घोडेस्वार कोरलेला... हातात लांब भाला.

मामांनी तो पालथा पाडला. घडीव दगड, घराच्या पायात घालायला फुकट मिळाला.

शेजारच्या गोदूबाई धावत आल्या.

"पालथा नको घालू रं भाऊ! दग्यानं पाठीत वार करून मारलाय त्याला. दसऱ्याला आमी त्याच्यापुढं खुंट्या रोवतो. त्यो दौडत येतो, भाल्यानं उचलून नेतो. त्याचा मान हाय."

"आजी, आता तो माझं घर राखेल," मामा हसले आणि त्यांनी पाया आखायला चार कोपऱ्यांत चार खुंट्या ठोकल्या.

दिवस मावळला. वारा पडला. समोर समुद्र... पण लाटांचा आवाजच येईना.

मग टापा वाजल्या.

पहिली खुंटी उडाली.

घोडा नव्हता. कोणीच नव्हतं.

दुसरी... तिसरी.

तिसरी मामांच्या पायाशी पडली. आरपार भोक!

मामांची पाचावर धारण बसली. हातात काहीतरी असावं म्हणून त्यांनी चौथी खुंटी उपटली आणि ते पळत सुटले.

"ठेव ती! त्याची हाय!" गोदूबाई मागून ओरडल्या.

मामा थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, शांती नगरात. तिसरा मजला.

जिन्यात टापा... वर येतायत.

दाराशी थांबल्या. बेल वाजली.

अंबिकामामी उठल्या. मामांनी त्यांचा हात घट्ट धरला. "उघडू नकोस!"

धाड!

दाराला भोक पडलं. बरोबर छातीच्या उंचीवर.

सकाळी मामांनी तारोडीला जाऊन दगड उभा केला, हात जोडले, चौथी खुंटी त्याच्यापुढे रोवली. घराचा विचार कायमचा सोडला.

दिवस गेले. खुंटी जागची हलली नाही.

मामांनी गोदूबाईंना विचारलं, "आजी, नेत का नाही तो?"

त्यांनी मामांच्या पाठीवर हात ठेवला.

"खुंटी नकोय आता त्याला."

मामा आज सत्तरी ओलांडून गेलेत. अजून दाराकडे पाठ करून बसत नाहीत.