रुपीबाईची ओळ

दीपमालेचं घोडं अडलं होतं ते भूतकाळात.

वर्तमानकाळ तिने महिन्याभरात पाठ केला होता. मी गाते, मी जेवते, मी हाक मारते, सगळं स्पॅनिशमध्ये, अगदी घडाघडा. पण ‘काल’ म्हटलं की जीभ अडखळायची. पुण्यातल्या एका कंपनीला स्पॅनिश येणाऱ्या मुली हव्या होत्या. परीक्षा फोनवरच होती, आणि पहिल्या खेपेला ती नेमकी तिथेच आपटली. ‘ऐकणे’ या एका क्रियापदाने तिचा घात केला. दुसरी आणि शेवटची संधी होती सोमवारी अकरा वाजता. नोकरी लागली तर ती आणि तिची आई कौसल्या, दोघीही पुण्याला जाणार. नाहीतर आहेच दुसऱ्याच्या शेतात जन्मभर कापूस वेचणं.

गाव महागावपासून दोन कोसांवर. साल दोन हजार सहा. कापसाचं तेव्हा काय झालं होतं ते आपल्या लोकांना काय सांगायचं? पण बोंड फुटलं की वेचावं लागतंच, त्याला बिचाऱ्याला भाव कुठे कळतो. बिजलीबाईच्या टोळीत दीपमाला आणि कौसल्या धरून सहा जणी होत्या. मैत्रिणीने पाठवलेल्या कॅसेटी आणि सेलवर चालणारा टेप पिशवीत घालून दीपमाला गळ्यात अडकवायची आणि वेचता वेचता घोकायची. कॅसेटमधला माणूस आजचं वाक्य म्हणायचा आणि मग थोडी जागा मोकळी सोडायचा. त्या जागेत आपण कालचं म्हणायचं. ‘ओय कांतो’, आज मी गाते. की आपण, ‘आयेर कांते’, काल मी गायले. मग तो बरोबर उत्तर सांगायचा.

बायकांना याची भारी गंमत वाटली. हा बुवा दर वाक्याला ‘ओय’ म्हणून कोणाला हाका मारतो, यावर दोन दिवस हसणं झालं. तिसऱ्या दिवसापासून मोकळ्या जागेत सगळ्याच ओरडू लागल्या. अर्थाशी कोणाला काय करायचं होतं! बिजलीबाई तांड्यावरची, घरात गोरबोली आणि बाहेर मराठी. तिचं म्हणणं, दोन भाषा पचल्या तर तिसरी काय जड आहे. तोंड उघडायची नाही ती एकटी कौसल्या.

शेतात एक ओळ मात्र कोणी वेचत नव्हतं. टोळीतली बाई गेली, की पुढच्या हंगामात तिची ओळ तशीच सोडायची, असा बिजलीबाईच्या टोळीचा रिवाज. वारा नेईल, पाखरं नेतील, पण आपण हात लावायचा नाही. मागल्या दिवाळीनंतर याच शेतात, नाल्याच्या टोकाला, रुपीबाई गेली. पान लागलं तिला. भरल्या शेतात कोणी सापाचं नाव घेत नाही, पान लागलं म्हणतात. कपाशी डोक्याएवढी होती, गाणी चालली होती, तिची हाक कोणाला ऐकूच गेली नाही. शेजारच्या ओळीत कौसल्या होती. बोंडं कोणाच्या ओळीतली यावरून दोघींचा महिनाभर अबोला चाललेला, आणि अबोल्यात पहिली बोलेल ती हरली. पोलीस आले तेव्हा कौसल्याने एवढंच सांगितलं होतं, “मले काही ऐकू नाही आलं.” यंदाही रुपीबाईच्या ओळीशेजारची ओळ तिनेच मागून घेतली.

बुधवारी दीपमालेच्या लक्षात आलं, की बायकांत कोणीतरी चक्क बरोबर म्हणतंय. बाकीच्या ‘कांते’चं ‘कांदे’ करत होत्या. हा आवाज जरासा खरखरीत, पण उच्चार कसा स्वच्छ. तिला वाटलं टोळीतली म्हातारी मानीबाई असेल. विचारलं, तर मानीबाईने आपलं बोळकं उघडून दाखवलं, म्हणाली की दात नाहीत त्या तोंडातून स्वच्छ काय निघणार! सगळ्या खो खो हसल्या, दीपमालाही हसली.

गुरुवारी तिने त्या आवाजाच्या मागोमाग म्हणायला सुरुवात केली, आणि काय सांगू, भूतकाळ तिच्या तोंडात बसू लागला. ‘ऐकणे’सुद्धा. ‘ओई’, मी ऐकलं. ‘आयेर ओई’, काल मी ऐकलं. ते कॅसेटमधल्या माणसाच्या आधीच त्या आवाजाने सांगितलं. दीपमालेला इतका आनंद झाला, की हे सांगतंय कोण, हे तिला शुक्रवारपर्यंत सुचलंच नाही.

शुक्रवारी ती गप्प राहिली आणि तिने आवाज मोजले. तिला सोडून पाच जणी वेचत होत्या. कौसल्या तोंड उघडत नव्हती. म्हणजे चार.

आवाज पाच होते.

पाचवा आईच्या पलीकडून येत होता. तिथे रुपीबाईची ओळ उभी होती, पांढरीफटक. पाखरं नव्हती. वारा नव्हता.

पण तिने टेप चालूच ठेवला. खरं सांगायचं तर तिला सोमवार दिसत होता.

शनिवारी भर दुपारी सेल संपले. कॅसेटमधला माणूस रडल्यासारखा लांबला आणि बंद पडला. बायका सवयीने वाट बघत राहिल्या. तेवढ्यात रुपीबाईच्या ओळीतून शब्द आला.

“यामे.”

“यामे!” बायका ओरडल्या.

“त्रेस बेसेस.”

“त्रेस बेसेस!”

“नादिये बिनो.”

“नादिये बिनो!” मानीबाईने तर वर टाळी वाजवली.

अर्थ कळत होता तो एकट्या दीपमालेला. मी हाक मारली. तीन वेळा. कोणी आलं नाही.

तिने टेपचं बटण दाबून बघितलं, तो बंदच होता.

“काहून थांबली वं?” बिजलीबाईने विचारलं. “सांग ना पुढचं.”

“मी नाही सांगून राह्यली, मावशी.”

“मंग कोन? आवाज त तिकून आला, तुया मायच्या बाजूनं.”

सगळ्यांनी तिकडे बघितलं. कौसल्याच्या हातातलं बोंड हातातच राहिलं होतं.

“आई, तुले ऐकू आलं?”

“नाही,” कौसल्या म्हणाली. “मले काही ऐकू नाही आलं.”

त्या दिवशी टोळी उन्हातच घरी परतली.

सोमवारी महागावच्या एसटीडी बूथवर मायलेकी दहालाच पोचल्या. आई बाहेरच्या बाकावर बसली. दीपमालेने काचेचं दार लावून घेतलं. अकराला पुण्याच्या बाई फोनवर आल्या. त्यांनी स्पॅनिशमध्ये विचारलं, गेल्या वर्षी घडलेली एखादी गोष्ट सांगा.

दीपमालेने तोंड उघडलं. एक शब्द, अहो, एक शब्द निघाला नाही.

संपलं, तिला वाटलं. डोळे भरून आले. पण पलीकडे बाई मधूनमधून ‘सी, सी’, हो, हो, म्हणत होत्या, कोणाचं तरी नीट ऐकून घेतल्यासारख्या. असं पुष्कळ वेळ चाललं.

मग त्या मराठीत म्हणाल्या, “फारच छान. भूतकाळात एकही चूक नाही. तुमची निवड झाली.”

दीपमालेने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

“आवाज जरा खरखरीत येत होता, पण चालेल. एकच विचारते हं, परीक्षेबाहेरचं. ही कौसल्या कोण?”

तिने रिसीव्हर कानावर घट्ट दाबला.

“शेजारच्याच ओळीत होती म्हणालात. मग तिला खरंच ऐकू आलं नव्हतं?”

दीपमालेने काचेतून बाहेर पाहिलं. बाकावर दुसरं कोणी नव्हतं, आणि तरी आई अगदी कडेला सरकून बसली होती, शेजारी एका बाईपुरती जागा सोडून. तोंड त्या जागेकडे. ओठ हलत होते.

रिसीव्हर तसाच लोंबकळत टाकून दीपमालेने दार ढकललं.

“ओई,” आई म्हणत होती. “ओई. ओई.”

उच्चारात एकही चूक नव्हती.