मागून हाक

"ममा, कोम माल, आत्या बाहेर आली," लेक अन्वीने बैठकीतून अर्ध्या जर्मनमध्ये बोलावलं, आणि कौमुदीने किटलीत व्हिनेगर ओतलं. गार्चिंग या जर्मन गावाच्या जड पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर तळाला धरला होता. तो आज, या रविवारी दुपारीच काढायला हवा असं काही नव्हतं... पण हातांना काहीतरी हवं होतं, आणि मनाला काहीच नको होतं.

लॅपटॉपवर फ्लोरिडातली सकाळ होती. पांढऱ्या पोशाखातले चौघे अंतराळवीर दारातून बाहेर पडत होते. त्यांतली तिसरी तनया, कौमुदीची नणंद, तीन-चार तासांनी पृथ्वी सोडून जाणारी. पिवळ्या दोरीअलीकडे घरची माणसं उभी होती. दोन आठवडे विलगीकरणात ठेवलेल्यांना कुणी शिवायचं नाही, दुरून हात हलवायचा. त्यांत कौमुदीचा नवरा नागेश होता, तनयाचा दादा. तनयाने दिलेल्या पाहुण्यांच्या यादीत कौमुदीचं नाव नव्हतं. चार वर्षं ते कुठल्याच यादीत नव्हतं.

"पापा वाइन्ट," अन्वी म्हणाली.

"रडू दे त्याला."

चार वर्षांपूर्वी याच घराच्या मागच्या खोलीत सासूबाई शेवटच्या दुखण्यात निजून होत्या, आणि तनया कोलोनला, अंतराळवीरांच्या निवडीच्या अखेरच्या फेरीत, नऊ दिवस स्वतःचा फोन बंद ठेवून. जाताना फ्रीजवर एक नंबर चिकटवून गेली होती... अगदीच गरज पडली तर. चौथ्या दिवशी पहाटे गरज पडली. कौमुदीने फोन हातात घेतला, तर सासूबाईंच्या वाळल्या बोटांनी तिचं मनगट धरलं.

"पोर उंबरा ओलांडून गेलीय, कौमुदी. मागून हाक मारायची नाही."

"आई, ती मला कधीच माफ करणार नाही."

"तुझ्यावर रागावेल, पण जाईल. तिच्यासाठी मी तुला अडवलं हे कळलं तर स्वतःलाच खात बसेल, पाऊल उचलणार नाही. सांगायचं नाहीस, माझी शपथ आहे." आणि मग जात्यावरच्या सुरात, अर्ध्याच श्वासात...

लेक निघाली चढणीला, तिला मागून हाक नको,
माझ्या विझत्या दिव्याचा, तिच्या पावलांना धाक नको.

दिवा त्याच सकाळी विझला. नवव्या दिवशी, निवड झाल्याचं सांगायला धावत आलेली तनया बॅगेसह दारातच थबकली होती.

"एक फोन, वहिनी... एक फोन करता आला नाही तुला?"

"सुचलं नाही गं."

नागेशला सगळं ठाऊक होतं. त्याला तर शपथही घातलेली नव्हती. तो फरशीकडे पाहत राहिला. त्या दिवसापासून कौमुदीच्या आत काहीतरी बधिर झालं, बर्फात उघड्या राहिलेल्या बोटांसारखं. आधी दुखतं, मग दुखतही नाही.

तासाभराने फोन वाजला. नंबर अनोळखी.

"वहिनी... मी मनोऱ्यावरून बोलतेय. यानात शिरायच्या आधी इथे प्रत्येकाला एक फोन करता येतो."

"बोल."

"दादाने काल सांगितलं सगळं. दोरीपलीकडून, ओरडून, पन्नास माणसांसमोर. मराठीत बोलला म्हणून अब्रू वाचली."

कौमुदीला वाटायचं, हा क्षण आला की बांध फुटेल. काहीच झालं नाही. किटलीत थर हलकेच फसफसत होता, तेवढं ऐकू आलं.

"रडत नाहीयेस?"

"येतच नाही गं आता. सवय गेली."

"मीही नाही रडत. हे हातमोजे घालून नाक पुसता येत नाही. चार वर्षं, वहिनी. तू एकदाही बोलली नाहीस."

"बोलले असते, तर चढली असतीस इथवर?"



"नसते," तनया म्हणाली.

"मग."

"वहिनी, एक कर. मला मागून हाक मार."

"वेडी आहेस का? पाऊल बाहेर पडलंय तुझं."

"आईने तेव्हा मारू दिली नाही तुला. ती हाक राहिलीय माझी. आणि हाक आलीच तर क्षणभर बसावं, घोटभर पाणी प्यावं, मग निघावं, हेही आईच सांगायची ना? आत जायला माझा नंबर शेवटचा आहे. बसायला वेळ आहे मला."

कौमुदी फोन धरून उभी राहिली. चार वर्षांत हे नाव या घरात कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. "तनू..." पहिल्यांदा ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही. मग पुन्हा, मागच्या खोलीपर्यंत पोचेल असं, "तनू, थांब गं जरा."

लॅपटॉपवर, काही क्षण उशिरा, पांढऱ्या पोशाखातली एक आकृती फोन कानाशी धरून बाकावर टेकली.

"आत्या बसली," अन्वी म्हणाली. या वेळी निव्वळ मराठीत.

"पाणी नाही मिळायचं मला इथे," फोनमधून आवाज आला.

"मी पिते तुझ्या वाट्याचं. तू नुसती बस."

कौमुदीने नळ सोडला, पेला भरला, आणि घोट घेतला. पाणी गार होतं... इतकं की दातांना लागलं.