शेवटचं पान आधी

मी पुस्तकाचं शेवटचं पान वाचत होते, वाचनालयाच्या मागच्या खणापाशी, उभ्याउभ्याच… आणि खांद्यामागून कुणीतरी हळूच विचारलं, “वाचला का तो?”

मी दचकून पुस्तक मिटलं. मागे एक उंच माणूस. शर्टाच्या खिशात चष्मे पुसायचं पिवळं फडकं, आणि चेहरा इतका गंभीर, जणू पुस्तकातला तो सेनापती याचा सख्खा मामेभाऊच.

“वाचला,” मी म्हटलं. “एक हात गेला, पण वाचला.”

“म्हणजे आता घरी न्याल.”

“नेईन.”

“आणि मेला असता तर?”

“तर तुम्हाला दिलं असतं.”

तेव्हा तो हसला. मग जाताजाता म्हणाला की पुस्तक फारच लांब धरता, एकदा डोळे तपासून घ्या, समोरच्या गल्लीत माझं चष्म्यांचं दुकान आहे. मला राग आला. ओळख ना पाळख, आणि निघाले डोळे तपासायला. शिवाय तपासण्या मला आवडत नाहीत. तपासलं की काहीतरी निघतं.

माझी लेक, खारूताई, पोटात होती तेव्हा तिचा बाबा साधा ताप आला म्हणून दवाखान्यात गेला होता. “संध्याकाळपर्यंत येतो,” म्हणाला होता. तो आलाच नाही. तेव्हापासून शेवट आधी कळलेला बरा, असं माझं झालंय. ऐतिहासिक कादंबऱ्या म्हणूनच आवडतात मला. त्यांचा शेवट बहुधा शाळेतच कळलेला असतो, आणि जो कळलेला नसतो तो मी बघून घेते.

त्या कादंबऱ्यांचा एक वाचनगट वाचनालयात भरायचा. महिन्याला एक विषय आणि त्या विषयावरची तीन-चार पुस्तकं. ज्याला जे हवं ते त्यानं वाचायचं आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी येऊन बोलायचं. मला तिथं ढकललं सासूबाईंनी. म्हणाल्या, “काळजीच करायची ना? मग बाहेर जाऊन कर. घरातली जागा भरली आता.”

पहिल्याच शनिवारी पाहते तर समोरच्या खुर्चीत पिवळं फडकं. गटात सगळे त्याला ‘चष्मेवाले’ म्हणत. त्या महिन्याचा विषय होता समुद्र. दीपगृहाच्या रखवालदाराची बायको नवरा बेपत्ता झाल्यावरही कित्येक वर्षं दिवा लावत राहते, अशी कादंबरी. मी म्हटलं, तिनं दुसऱ्या वर्षीच दिवा मालवून शांत झोपायला हवं होतं, उगाच आशेला तेल घालत बसली. चष्मेवाले म्हणाले, ती त्याच्यासाठी लावतच नव्हती, इतर जहाजं खडकावर आपटू नयेत म्हणून लावत होती. मी म्हटलं, असं पुस्तकात कुठंही नाही. ते म्हणाले, आहे, पण मधल्या पानांत आहे… तुम्ही तिकडे फिरकला नसाल.

गट हसला. मी लाल झाले आणि दुप्पट जोरानं भांडले. शिपायानं किल्ल्या वाजवल्या तेव्हा कुठं थांबलो.

आमच्या गटाची एक जुनी पद्धत होती. वर्षाअखेरीस ज्या दोघांचं सगळ्यात जास्त वाजलं असेल, त्यांनीच पुढच्या वर्षाचे विषय ठरवायचे. गट चालवायच्या हेडबाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचं म्हणणं असं, की गोडीत ठरवलेले विषय गुळमट होतात. तर त्या वर्षी त्यांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे पाहिलं, मग चष्मेवाल्यांकडे, आणि म्हणाल्या, “मतदानाची गरज वाटत नाही.”

म्हणून आम्ही भेटू लागलो. माझं छापखान्यातलं काम आटोपलं की वाचनालयाच्या मागच्या खोलीत, हलणाऱ्या टेबलापाशी. मी मुद्रितं तपासते. दुसऱ्याच्या चुका शोधायचाच पगार घेते. ते टेबलाच्या पायाखाली घडी केलेला कागद सरकवायचे, मग माझ्यासमोर चहाचा कप ठेवायचे, कान माझ्या उजव्या हाताकडे करून. ही गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. मग मात्र रोजच येऊ लागली.

विषय ठरवायचा म्हणजे त्यावरची तीन तरी पुस्तकं कपाटात हवीत. मी म्हणायचे, वेढे घेऊ या. किल्ल्यात अडकलेली माणसं. ते म्हणायचे, वेढ्याची पुस्तकं बांधणीला गेलीत. मी म्हणायचे, साथीचे रोग? तीही बांधणीला गेलेली. दुष्काळ? “दुष्काळाला वाळवी लागली,” ते अगदी गंभीरपणे म्हणायचे. आणि दुसरीच थप्पी पुढे सरकवायचे: राजवाड्यांतली स्वयंपाकघरं, घड्याळजी, पहिले छापखाने, फुग्यातून उडणारी माणसं. मी सवयीनं एकेकाचं शेवटचं पान उघडायचे. सगळं ठीक असायचं. सगळे घरी पोचलेले असायचे.

“या वेळी नशीब चांगलंय,” मी म्हटलं.

“तुमचं की त्यांचं?”

“पुस्तकांचं. तुमच्या हातात सापडूनसुद्धा धड राहिली.”

“माझ्या हातात सापडलेलं काही मोडत नाही,” ते म्हणाले, आणि मग स्वतःच गोंधळून चहा ढवळत बसले. चहात साखर नव्हतीच.

घरी येताना मी उगाच हसत होते. सासूबाईंनी खारूताईचे केस विंचरताविंचरता विचारलं, आज कुठला विषय ठरला? मी म्हटलं, बागा. त्या नुसतं “हं” म्हणाल्या. पण त्या ‘हं’ला फुलं लागलेली होती.

मला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणूनच भीती वाटत होती. पुस्तकाचं शेवटचं पान उघडता येतं… माणसाचं कसं उघडणार?

शनिवारी मी बारा विषय गटाला वाचून दाखवले. हेडबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “फक्त एक शंका. पुढच्या वर्षी इतिहासात कुणी मरणारच नाही का?”

हशा पिकला. मी सांगू लागले की वेढे, साथी, ही सगळी पुस्तकं बांधणीला गेली आहेत… तेवढ्यात ग्रंथपाल ताई म्हणाल्या, “बांधणीला? आमची बांधणी तर कधीची बंद आहे. ती सगळी पुस्तकं यांच्या घरी आहेत. परत मागितली, तर म्हणे अजून वाचून व्हायचीत.”

सगळे आणखी हसले. मी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. ते खिशातल्या फडक्याच्या घड्या घालत होते, उलगडत होते. आणि मला एकदम सगळं दिसलं. माझ्या आधी त्यांनी सगळी पुस्तकं वाचली होती. ज्यात मूल दगावतं, ज्यात नवरा परत येत नाही, ती एकेक करून बाजूला ठेवली होती. दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या बाईला इतके दिवस पत्ता नव्हता.

हेडबाईंनी यादी परत दिली. पंधरवड्यानं नवी आणा म्हणाल्या. मी पर्स उचलून बाहेर पडले.

त्यांनी मला जिन्यापाशी गाठलं. बारीक पाऊस होता. दोघांकडेही छत्री नव्हती.

“रागावलात,” ते म्हणाले.

“घरी सगळे हेच करतात,” मी म्हटलं. “मी आले की बातम्या बदलतात. कोण आजारी आहे ते मला शेवटी सांगतात. एक ठिकाण होतं जिथं कुणीतरी माझ्याशी धडधडीत भांडायचं. तिथंही तुम्ही मला काचेचं भांडं करून ठेवलंत.”



“पहिल्या दिवशी ते पान उलटताना तुमचा हात थरथरत होता,” मग ते म्हणाले. “मला वाटलं, परत थरथरू नये. एवढंच. पण चुकलंच माझं. आमच्या धंद्यात माणसाला दिसत नसेल तर काच लावतात. मी पडदा लावला.”

यावर भांडता येईना. मी खूप शोधलं, पण भांडण सापडेना.

“साथीचं पुस्तक द्या,” मी म्हटलं. “सगळ्यात वाईट असेल ते.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाच्या दारातच ते माझ्या हातात ठेवलं. शेवटाबद्दल बोलायचं नाही याचीच इतकी धडपड चालली होती की मला हसू आलं.

पहिल्याच पानावर एका मुलीला ताप येतो. मुलगी चार वर्षांची. माझी बोटं आपोआप शेवटाकडे गेली. समोर खारूताई दुपारची झोपली होती, थोडी खोकत, गालात बिस्किटाचा तुकडा तसाच. मी बोटं मागे घेतली. दुसरं पान वाचलं. तिसरं वाचलं. पुस्तकातली आई उशाशी बसून होती. तिलाही पुढचं ठाऊक नव्हतं, आणि तरी ती पाणी पाजत होती, गोष्टी सांगत होती, मध्येच एखादा विनोदही करत होती. मला पहिल्यांदाच कळलं की मधल्या पानांत माणसं नुसती वाट बघत नसतात. राहत असतात.

सासूबाई दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.

“आज पुस्तक सरळ धरलंयस,” त्या म्हणाल्या. मग जवळ येऊन त्यांनी खारूताईच्या कपाळावर हात ठेवला, आणि नंतर माझ्या. “खोकला माझ्याकडे ठेव आणि जा तू.”

“कुठं?”

“मला विचारतेस?” त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. “तो माझा मुलगा होता. तू इथं दिवा लावून बसलीस म्हणून तो परत यायचा नाही. जा.”

मी पुस्तक घेऊन गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी, खाली बारीक होत गेलेली. ते काउंटरवर काचा पुसत होते. मला पाहिल्यावर तीच काच परत पुसू लागले.

“निम्मं झालं,” मी म्हटलं. “मुलीचा ताप उतरलेला नाही. तुम्हाला शेवट माहीत आहे. चेहऱ्यावर दाखवू नका.”

त्यांनी ताबडतोब चेहरा भिंतीकडे वळवला. भिंतीलाच म्हणाले, “एक विचारू? शेवट न बघता आलात?”

“न बघता आले.”

“त्याही पुस्तकाचा… आणि याही?”

“हे कुठलं पुस्तक?”

ते वळले. कान लाल झाले होते. “मला तुम्ही आवडता. तुमचं भांडण आवडतं, लांब धरलेलं पुस्तक आवडतं. तुमच्या लेकीला मी अजून पाहिलेलं नाही, पण तिच्यासाठी बिस्किटं आणून ठेवलीत, ती मऊ पडायला लागलीत. पुढचं काय ते मला सांगता यायचं नाही. हे मी आधी वाचलेलं नाही.”

भीती होतीच, गेली नव्हती. पण तिच्या शेजारी अजून कुणीतरी येऊन बसलं होतं, आणि दोघांना जागा पुरत होती.

“मीही नाही वाचलेलं,” मी म्हटलं. “आणि तुम्ही मध्येच पानं गाळायची नाहीत. वाईट असतील तीसुद्धा.”

“नाही गाळणार.”

मी पुस्तक काउंटरवर ठेवलं, खूण घालून, आणि इतके दिवस टाळलेल्या त्या उंच खुर्चीत जाऊन बसले. “तपासा डोळे.”

त्यांनी माझ्या नाकावर जड चौकट ठेवली. बोटं किंचित कापत होती. या वेळी त्यांची. एक काच घातली, बदलली, दुसरी घातली. तक्ता एकदम स्वच्छ झाला, पार खालपर्यंत.

“शेवटची ओळ दिसते?” त्यांनी हळूच विचारलं.

“दिसते,” मी म्हटलं. “पण वरून सुरुवात करू.”