एक्केचाळीस नंबर अजून मागे आहे

शर्यतीसाठी पाण्याचे भरलेले जार सकाळी डोंगरावर पोचवायचे आणि रात्री रिकामे खाली आणायचे, एवढंच काम होतं. पिंप्राळ्याचे सरदारभाई छोटा हत्ती टेम्पो चालवतात. मैताचं सामान असो की लग्नाचे मंडप, कुठल्याही खेपेला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. हे काम मात्र त्यांनी एकदाच केलं आणि पुढच्या वर्षी दारात आलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं. असं का केलं, ते परवा रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं. ऐकायला त्यांचा नातू अल्तमश आणि शेजारची सारिका. दोघांनी सातपुड्यातल्या शर्यतीत नाव दिलंय आणि नवे बूट घालून गल्लीत मिरवताहेत.

"चाचा, घाबरवू नका हं, मला घरी एकटीला जायचंय," सारिका म्हणाली.

"तीन घरं सोडून तर घर आहे तुझं! डोंगरात काय करशील?" सरदारभाई म्हणाले. "अल्तमश, तो मोबाइल ठेव खाली. धरणगावच्या प्रेमराजचं सांगतो. माझ्या गाडीत बसलेला माणूस आहे, ऐकीव नाही."

साल दोन हजार तेवीस. डिसेंबरची दहा तारीख, रविवार. अमावस्या दोन दिवसांवर आलेली.

यावलच्या वर सातपुड्यात पन्नास किलोमीटरची शर्यत होती. अंधारात निघायचं, डोंगर पालथा घालायचा आणि दिवस मावळायच्या आत खाली यायचं. प्रेमराजच्या छातीवर एक्केचाळीस नंबर. सव्वीस वर्षांचा गडी, धरणगावात पोलीस भरतीच्या पोरांना मैदानावर पळवायचा. अकादमीच्या मालकाने सांगून ठेवलं होतं, ही शर्यत पुरी करून ये, मग तू इथला पक्का सर. नाही जमलं तर मी दुसरा माणूस बघतो. पोरं इतकी उतावळी, की त्यांनी चौकात अभिनंदनाचा बॅनर आदल्या दिवशीच लावून टाकला.

डोंगरात चिंचपाणीचा फाटा लागतो. तिथून वाट माथ्यावर चढते, नाल्यात उतरते आणि मोठा वेढा मारून पुन्हा त्याच फाट्यावर येते. अठरा किलोमीटरचा वेढा, चांगल्या चांगल्याची जीभ बाहेर काढणारा. फाट्याला लागून तुरीचं वावर. माणूस बुडेल एवढी उंच तूर.

प्रेमराजच्या पोटरीत गोळा आला होता. लघवीच्या निमित्ताने तो तुरीत शिरला. म्हणाला, दोन मिनिटं बसू. बसला तो बसलाच. तुरीच्या बुडख्यांतून त्याला वाटेवरचे पाय दिसत होते. एक पन्नाशीची बाई स्वतःलाच शिव्या घालत चढाला लागली, तरी हा उठला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग तेच पाय वेढा मारून परत यायला लागले, लाल मातीने भरलेले. तेव्हा साहेब उठले, अंगावरचा पाला झटकला आणि त्यांच्यात मिसळून पळायला लागले.

संध्याकाळी गळ्यात मेडल पडलं. "एक्केचाळीस नंबर, धरणगावचे प्रेमराज!" माइकवर पुकारा झाला. त्याने हात वर केला. टाळ्या वाजवणाऱ्यांत ती पन्नाशीची बाईही होती. तिच्याकडे त्याला बघवेना.

आठ वाजता सरदारभाईंनी रिकामे जार गाडीत चढवले. परतीला धरणगावची खेप होती म्हणून प्रेमराजला पुढे बसवलं. सोबत मोनाली नावाची कॉलेजची पोरगी, यावलला उतरणारी. दिवसभर वेढ्याच्या माथ्यावर ती पाणी वाटत होती. आता रागाने नुसती धुमसत होती.

"काका, एक म्हातारे अजून वरच आहेत. मी खाली सांगितलं तर म्हणतात, सगळे आले, तू घरी जा. आले कुठे? एक्केचाळीस नंबर अजून मागे आहे."

प्रेमराजने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"म्हातारा? शर्यतीत?" सरदारभाईंनी विचारलं.

"हो ना. नंबर विचारला तर एक्केचाळीस म्हणाले. अनवाणी. डावा पाय ओढत होते, टाचा फुटलेल्या. मी म्हटलं, बाबा, बसा, गाडी येईल. तर म्हणाले, 'मना आंडोरना वाटानं शे. पायीच पुरं करनं पडी.' पोराच्या वाट्याचं चालत होते! तो पोरगा भेटू दे मला एकदा. चपलेनं मारीन."

यावल आलं. मोनाली उतरून गेली. प्रेमराज समोरच्या काचेकडे बघत बसला.

त्याच्या घरची एक रीत होती. चैत्रात सगळे पायी गडावर जायचे, सप्तशृंगीला. वाटेत कुणाचं चालणं अर्धवट राहिलं, तर ते घरच्याच माणसाने पुरं करायचं, जिथे थांबलं तिथूनच. त्याची आजी एका वर्षी वाटेतल्या बाभळीखाली तापाने पडली. पुढच्या चैत्रात त्याचा बाप जीवराम एसटीने त्या बाभळीपर्यंत गेला आणि तिथून गड गाठला. अनवाणी. जीवरामचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला.

प्रेमराजला सगळं कळलं होतं. तरी तो गप्प होता. एक गाव गेलं, दुसरं गेलं. घरी आई वाट बघत असेल, चौकात बॅनर असेल, पोरं फटाके घेऊन उभी असतील. गप्प राहिलं तर काही बिघडत नव्हतं. कुणाला काय कळणार होतं?

तापीच्या पुलावर त्याने तोंड उघडलं.

"भाई, गाडी वळवा."

"काय राहिलं?"

"आबा."

सरदारभाईंनी करकचून ब्रेक दाबला. "प्रेमराज, तुझ्या आबाला जाऊन चार वर्षं झाली. मी होतो मैतीला."

"म्हणूनच म्हणतो. वळवा."

परतीच्या वाटेत त्याने सगळं सांगितलं. तोंड खिडकीकडे करून.

फाट्यावर पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. सरदारभाईंनी इंजिन बंद केलं. दिवे तेवढे चालू ठेवले. वारा नव्हता. तूर स्तब्ध उभी.

मग ऐकू आलं.

ठप्प... सर्रर...

एक पाय पडतोय. दुसरा ओढला जातोय.

ठप्प... सर्रर...

नाल्याच्या बाजूने. हळू. फार हळू.

"आबा!" प्रेमराज ओरडला. "मी शर्यत पुरी केली, आबा! मेडल भेटलं! चला घरी!"

बापापुढेही खोटंच बोलला, बघा.

ठप्प... सर्रर...

जवळ आलं. दिव्यांचा उजेड जिथे संपतो, त्याच्या पलीकडे. दिसत काही नव्हतं. सरदारभाईंचे हात स्टेअरिंगला चिकटले. भीतीत म्हणायची आयतुल कुर्सी, तीही अर्धीच आठवली.

"आबा..." प्रेमराज आता हळू म्हणाला. "मी तुरीत बसलो होतो."

पाऊल थांबलं.

"लपून बसलो होतो. बाया पळत होत्या... आणि मी..."

 

मग अंधारातून एवढंच आलं...

"हं."

लहानपणी प्रेमराज खोटं कबूल करायचा, तेव्हा जीवराम असाच हुंकार द्यायचा. शिवी नाही, मार नाही. प्रेमराज मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. मग उठला. चढाच्या तोंडाशी गेला, जिथून सकाळी सगळे गेले होते आणि हा गेला नव्हता.

"आबा, तुम्ही आता बसा. मी जातो."

तो पळाला. त्याच्या बॅटरीचा ठिपका वर वर जात दिसेनासा झाला.

आणि मग, सरदारभाईंच्या बाजूच्या गाडीच्या दारापासून हातभर अंतरावरून... ठप्प... सर्रर... त्याच्या मागे गेलं. सरदारभाईंनी काच वर केली. उजाडेपर्यंत खाली केली नाही.

दिवस उगवल्यावर प्रेमराज नाल्याकडून बाहेर आला. एकटा. अंग लाल मातीने माखलेलं.

"मागे होते," तो म्हणाला. "मी म्हणत होतो, बसा, तरी ऐकेनात. नाल्यापर्यंत आवाज होता. पहाटे बंद झाला."

पायथ्याशी मंडप सोडणं चाललं होतं. प्रेमराजने मेडल टेबलावर ठेवलं आणि चार लोकांत काय केलं ते बोलून टाकलं. एक जण हसला. दुसऱ्याने मोबाइलवर शूटिंग काढलं. ते त्याच्याआधी धरणगावात पोचलं. दुपारी गाडी चौकातून गेली तेव्हा पोरं बॅनर उतरवत होती. वर चढलेल्या पोराने त्याला बघितलं आणि मान फिरवली. त्या पोराला प्रेमराजने स्वतः दोर चढायला शिकवलं होतं. गाडीतून उतरून घरापर्यंत चालायला त्याला डोंगरापेक्षा जास्त वेळ लागला.

आई, यशोदाबाई, दारातच बसलेली. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, निदान तिच्या तोंडावर तसं दिसत नव्हतं.

"पेमा, तू आत्ता येऊन राहिलास?"

"हो."

"मग पहाटे कोण आलं होतं?"

सरदारभाई तिथेच उभे होते. हे त्यांनी कानाने ऐकलं.

"लाइट गेलेली," ती म्हणाली. "कडी वाजली. मला वाटलं, तू. चालून आलेल्याच्या पायावर पाणी टाकतो ना आपण, तसं खाली मान घालून टाकलं. टाचा फुटल्या होत्या. रक्त येत होतं. मी हळद दाबली." तिने प्रेमराजच्या बुटांकडे बघितलं. "पाय तुझे नव्हते."

"मग वर का नाही बघितलं, आई?"

"बघितलं असतं तर..."

ती बाजूला सरकली आणि त्यांना आत जाऊ दिलं.

फरशीवर हळदीचे ठसे होते. उजवी टाच पूर्ण उमटलेली. डावीची नुसती पिवळी ओढ. उंबऱ्यापासून खोलीच्या कोपऱ्यापर्यंत गेलेले, परत फिरलेले नव्हते. कोपऱ्यात काही नव्हतं, रिकामी भिंत. पूर्वी तिथे जीवरामची खाट असायची.