रोज तोच फोटो

भिंगरीचे फोटो टेबलावर पडले आणि अख्खा वर्ग खो खो हसला.

"हा काय प्रकार आहे?" हवालदार एकेक फोटो उलटत म्हणाला. "पत्र्याच्या खोल्या. पत्र्याच्या खोल्या. परत पत्र्याच्या खोल्या. अगं, तुझा कॅमेरा अडकला होता का?"

हवालदार म्हणजे भिंगरीचा मावसभाऊ. येता-जाता सगळ्यांची उलटतपासणी घ्यायचा, म्हणून हे नाव. शेजारी बसलेली चाळणी तर हसता हसता बाकावरून घसरली. तिचं खरं नाव सगळे विसरले होते, कारण तिच्या पोटात एकही गोष्ट राहत नसे. कानात शिरलेलं तोंडावाटे बाहेर पडलंच म्हणून समजा.

वर्ग म्हणजे तरी काय, अर्धवट बांधलेल्या उंच इमारतीतली तळमजल्यावरची खोली. खिडक्यांना काचा नाहीत, भिंतींना रंग नाही. दूरदूरच्या गावांहून आलेले या मुलांचे आईबाप याच बांधकामावर कामाला होते. शाळेला सुट्टी लागली तशा फोटोताई तिथे यायला लागल्या. त्यांनी मुलांच्या हातात छोटे जुने कॅमेरे दिले आणि म्हणाल्या, "आजवर तुमचे फोटो दुसऱ्यांनीच काढले. कुणी कीव करत, कुणी नाक मुरडत. आता तुमची गोष्ट तुम्हीच सांगा. रोजचं काढा."

रोजचं काढा, म्हणजे रोजच्या जगण्यातलं काढा. बाकीच्यांना ते बरोबर कळलं. भिंगरीला इथे येऊन थोडेच महिने झाले होते आणि इथली भाषा तिला अर्धीमुर्धीच यायची. तिला वाटलं, रोज तेच काढायचं! बिचारीने ते फार मनावर घेतलं. सकाळी पाणी भरायला गेली की खोल्यांच्या कडेच्या नळाजवळ उलट्या पिंपावर ती कॅमेरा ठेवायची. पिंपावर खिळ्याने रेघ मारली होती, कॅमेरा बरोबर त्या रेघेवर. मग खोल्यांचा एक फोटो, आणि मग पाण्याची कळशी.

फोटोताई हसल्या नाहीत. पण प्रदर्शनाच्या गठ्ठ्यात भिंगरीचा एकही फोटो गेला नाही. "पुढच्या वेळी वेगवेगळे काढ हं," असं म्हणून बाकीचे फोटो मोठे करून आणायला त्या निघून गेल्या.

भिंगरी पायरीवर फुरंगटून बसली. फोटोंचा गठ्ठा हातात घेऊन पत्ते फिरवावेत तसा ती तो अंगठ्याने फुर्र करून सोडत होती. फुर्र. फुर्र.

"थांब," हवालदार म्हणाला. "परत कर."

"आणखी किती हसणार आहेस?"

"हसत नाहीये. परत कर. हळू."

भिंगरीने परत केलं. दोरीवरचे कपडे बदलत होते, कुत्रा येत-जात होता. खोल्या जागच्या जागी होत्या, विजेचा खांबही. पण खोल्यांच्या मागची ती उंच विटांची भिंत मात्र जागेवर नव्हती. ती पुढे येत होती! पहिल्या फोटोत पत्रे आणि भिंत यांच्यामध्ये आकाशाची चांगली रुंद पट्टी होती. ती अरुंद होत होत शेवटच्या फोटोत सुतळीएवढी उरली होती.

चाळणीचं हसू कुठच्या कुठे गेलं. "भिंत चालतेय," ती कुजबुजली.

भिंतीच्या सगळ्यात जवळची शेवटची खोली भिंगरीची होती, आणि आत तिची धाकटी बहीण पिटुकली तापाने फणफणून झोपली होती.

तिघंही पळत सुटली. खोलीच्या मागच्या बोळात हवालदार पुढे शिरला. आत ओल होती आणि अंधार. भिंतीला एक लांबलचक भेग पडली होती. त्याने तिच्यात बोटं घातली. बोटंच काय, मनगटापर्यंत हात आत गेला.

"हात काढ," भिंगरी म्हणाली. "काढ ना, मला भीती वाटतेय."

तेवढ्यात पलीकडे काहीतरी घरघरलं. धप्प! सगळा बोळ हादरला आणि हवालदाराच्या मानेवर खडी सांडली. मग भिंतीतून एक बारीकसा आवाज आला. कट्. कुणीतरी दाताखाली सुपारी फोडावी तसा.

पलीकडे काय आहे ते बघायलाच हवं होतं. भिंतीच्या टोकाला वळसा घालून ती मागच्या मोकळ्या जागेत गेली आणि जागीच थबकली. नव्या इमारतीच्या पायाच्या खड्ड्यातून काढलेली सगळी माती तिथे आणून भिंतीला टेकवून ओतली होती. डोंगरच झाला होता तिचा. धूळ उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा पाइप सोडून दिलेला, आणि ओली माती सगळा भार भिंतीवर टाकून बसली होती. एक डंपर रिकामा होऊन निघाला होता, दुसरा मागे मागे येत होता.

"ओ काका, थांबा!" हवालदार हात हलवत ओरडला. इंजिनाच्या आवाजात ड्रायव्हरला काही ऐकू गेलं नाही. डंपरचं मागचं फळकूट उघडलं आणि ढेकळांचा लोंढा त्यांच्या पायांपर्यंत आला. चाळणीची चप्पल त्यात गेली. मागे वळून न बघता तिघं जीव घेऊन पळाली.

मुकादम ऑफिसच्या पत्र्याखाली चहा पीत होते. सगळ्या कामावर देखरेख त्यांची. माणूस दुष्ट नव्हता, पण मुलं बोलायला लागली की त्यांचे कान आपोआप बंद व्हायचे.

"मुकादमकाका, भिंत पडणार आहे. हे फोटो बघा," भिंगरी धापा टाकत म्हणाली.

मुकादमांनी वरचे दोनच फोटो पाहिले. "दोन्ही सारखेच तर आहेत."

"दोन नाही, सगळे बघा. असे भरभर."

"भिंत काय म्हैस आहे, चालायला? माती उद्या उचलायला सांगतो. आणि मागे फिरकलात तर तो तुझा डबा जप्त करीन." कॅमेऱ्याला ते डबाच म्हणायचे.

"निदान डंपर तरी थांबवा," हवालदार म्हणाला.

"आता तू मला काम शिकवणार? चला, पळा."

भिंगरीला रडू फुटायच्या बेतात होतं. आई अगदी वरच्या मजल्यावर, काम सुटेपर्यंत खाली येणार नाही. फोटोताई बाहेर. तिने धावत जाऊन आधी पिटुकलीला गोधडीसकट उचललं आणि रस्त्याकडेच्या लाकडी फळ्यांवर आणून ठेवलं. पण बाकीचे? रात्रपाळीची माणसं घोरत पडलेली. एकीचं बाळ नुकतंच झालेलं. पलीकडच्या खोलीत एक म्हातारी, सगळ्यांची आजी. चाळणीने दोन दारं वाजवून पाहिली. "भिंत पडतेय, बाहेर या," म्हणाली, तर आतून एकाने चप्पल फेकली.

पलीकडे पुन्हा डंपर घरघरला. धप्प.

"ओरडून कुणी उठत नाही," हवालदार म्हणाला. "पोरं खेळतायत असंच वाटतं सगळ्यांना."

भिंगरीने गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग ती चाळणीच्या कानाशी वाकली. "तुला एक सांगते, पण कुणाला बोलू नकोस हं. फोटोताईंनी सांगितलंय, आत्ताच्या आत्ता सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा. मोठा करून प्रत्येकाला देणार, गावी पाठवायला. फुकट."

"खरंच?" चाळणीचे डोळे चमकले. मग तिला डाव कळला आणि ती वाऱ्यासारखी सुटली.

चप्पल फेकणारा माणूस डोळे चोळत पहिला बाहेर आला. त्याच्या मागून ती बाळंतीण बाळाला घेऊन आली. कुणी तोंड धुतलं, कुणी शर्ट बदलला. गावाकडच्या माणसांनी त्यांना किती दिवसांत पाहिलं नव्हतं! इतकंच काय, मुकादमही टोपी सरळ करत येऊन मधोमध उभे राहिले.

भिंगरी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. "सगळे इकडे या, माझ्याजवळ या," ती म्हणाली.

"अगं, तुला काही कळतं का?" मुकादम म्हणाले. "ऊन आमच्या पाठीमागे आहे. सगळ्यांची तोंडं काळी येतील. तू पलीकडे जा, भिंतीकडे पाठ करून उभी राहा. आम्ही वळतो."

सगळे भिंतीकडे तोंड करून वळलेसुद्धा. आणि मुकादमांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीवर हवं, हे फोटोताईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

म्हणजे पडणाऱ्या भिंतीपुढे आता भिंगरीलाच उभं राहावं लागणार होतं. हवालदार पुटपुटला, "मी जातो."

"तुला कॅमेरा धरता येतो का? परवा आईचा फोटो काढलास, त्यात नुसते पाय आले." ती एवढंच म्हणाली आणि माणसांना वळसा घालून भिंतीकडे निघाली.

मागून ऊन येत होतं, म्हणून भिंतीची सावली खोल्यांच्या पुढे अंगणभर पसरली होती. भिंगरी त्या सावलीत उभी होती आणि अर्धी माणसंही सावलीत. ते बघून तिला एकदम सुचलं.

"सावलीत चेहरे दिसत नाहीत," ती म्हणाली. "मागे सरका. सगळे उन्हात जा. भिंतीच्या सावलीत एकही पाय नको."

माणसं कुरकुरत मागे सरकली.

"अजून मागे. कडेचे काका कापले जातायत."

"अजून किती? रस्त्यावर उभं राहायचं का?" मुकादम वैतागले.

"हो. रस्त्यावरच."

"आजी कुठाय?" चाळणीने मध्येच विचारलं. "ती केस विंचरायला परत आत गेली वाटतं."

भिंगरी वळायच्या आत हवालदार तिच्या बाजूने सावलीत घुसला आणि दारातून आत शिरला. आतून त्याचा आवाज आला, "आजी, बाहेर चला ना!" मग आजीचा, "अरे, भांग तरी काढू दे." भिंगरी कॅमेरा डोळ्याला लावून उभी राहिली, कारण ती हलली असती तर माणसं पुढे आली असती. मागे कट् झालं. मग कट् कट् कट्.

हवालदार आजीला जवळजवळ उचलूनच घेऊन आला. आजी त्याला शिव्या देत होती, कंगवा केसांतच होता. दोघं उन्हात पोहोचली आणि भिंगरीने बटण दाबलं.

त्याच क्षणी तिला समोरचे चेहरे बदललेले दिसले. मग ती पळाली. पाठीमागे आकाश कोसळल्यासारखा आवाज झाला, पत्रे कर्र करून चेपले, धुळीचा लोट तिच्या डोक्यावरून पुढे गेला. कुणाच्या तरी हातांनी तिला ओढलं. ते हात मुकादमांचे होते.

धूळ खाली बसली तेव्हा शेवटच्या चार खोल्यांच्या जागी विटा आणि माती होती. फळ्यांवर बसलेली पिटुकली म्हणाली, "ताई, आपलं घर?"

वरून आई जिना उतरत, धडपडत, किंचाळत आली. दोघी पोरी दिसल्यावर तिने आधी भिंगरीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला असं कवटाळलं की कॅमेरा दोघींच्या मध्ये रुतला.

संध्याकाळी कामाच्या मोठ्या इंजिनिअर बाई आल्या. भिंगरीच्या गठ्ठ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. फुर्र. मग मुकादमांकडे पाहिलं. "हे तुम्हाला दाखवलं होतं?"

"दोनच पाहिले, बाई," मुकादम खाली मान घालून म्हणाले. "चुकलं माझं. या पोरीने मला भिंतीखालून हुसकावून लावलं, नाहीतर मीही तिथेच असतो."

डंपर त्याच दिवशी थांबले. राहिलेल्या खोल्या लांब, मोकळ्या मैदानात हलल्या आणि पडलेल्या चारही तिथे नव्याने उभ्या राहिल्या.

फोटोताईंनी प्रदर्शनाची मांडणी बदलली. दारातून शिरताच पहिल्या भिंतीवर भिंगरीचे सगळे फोटो ओळीने लागले, आणि शेवटी तो एकत्र फोटो. त्यात आजीच्या केसांत कंगवा होता, मुकादमांचं तोंड उघडं होतं, बाळाची आई बाळाचे डोळे झाकत होती. बघायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "भिंत पडतानाचा फोटो नाही का काढलास?"

"हाच तो," भिंगरी म्हणाली. "ते सगळे तिच्याकडेच बघतायत."

फोटोताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मी बोलले एक आणि तू ऐकलंस भलतंच. फार बरं झालं गं, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी नव्या नळावर कळशी घेऊन गेली, तर मुकादम तिच्याआधीच तिथे आलेले. खिळ्याची रेघ असलेलं ते पिंप त्यांनी स्वतः गडगडत आणलं होतं.

"हं, सांग. कुठे ठेवू?"

"कशाला, काका?"

"तुझा डबा ठेवायला. रोज तेच काढायचं. आणि सगळे मला दाखवायचे, दोनच नाही."

भिंगरीने जागा दाखवली. मुकादमांनी पिंप उलटं करून घट्ट बसवलं. तिने रेघेवर कॅमेरा ठेवला. नव्या खोल्यांच्या मागे नुसतं मोकळं आकाश होतं आणि दारात पिटुकली दात घासत उभी होती. भिंगरीने एक फोटो काढला आणि कळशी नळाखाली धरली.