मूर्तीवरची शाल

देवाचा हात तुटलेला पुजारीबुवांनी पहाटे पाहिला आणि उन्हं वर यायच्या आत सारी गल्ली कुलूपवाल्या चाचाच्या दारात जमली. तेव्हा प्रत्येकाच्या हातात फोन नव्हता. बातमी ओट्यावरून ओट्यावर जाई, आणि दर ओट्यावर फुगे.

चाचा मुसलमान. देवळाचं कुलूप त्यानेच बसवलेलं. ते न तुटता उघडलं होतं. लोकांना तेवढं पुरलं. दारामागे चाचा, त्याची बायको आणि बाळंतीण लेक. दारावर फौजदारबाईंचे दोनच शिपाई.

बाई देवळात होत्या. "मूर्ती कशी होती, बुवा?"

"तोंडावर शाल होती. डोळे झाकून मागे घट्ट गाठ." बुवांनी कपाटाकडे बोट दाखवलं. "बघवेना. सोडून कपाटात ठेवली."

"कुणाला सांगितलंत?"

"बायकोलासुद्धा नाही. जिभेवर येईना."

"किल्ल्या?"

"एक माझ्याकडे, एक आपले नगरसेवक आणि देवळाचे विश्वस्त दादासाहेब यांच्याकडे. आज ते इकडे फिरकलेच नाहीत."

बाई बुवांना घेऊन धावतच गल्लीत आल्या. दादासाहेब ओट्यावर चढून ओरडत होते. लोकांच्या हातात दगड होते.

"दादासाहेब, चाचाच कशावरून?"

"दुसऱ्या कुणाची छाती आहे? किल्ली केली असेल त्याने. बाई, तुम्ही घरी जाऊन चहा घ्या! देवाचे डोळे बांधून हात तोडतो, त्याला पाठीशी घालता?"

"डोळे बांधलेले तुम्हाला कोणी सांगितलं?"

"या बुवांनी."

"मी?" बुवा पुढे आले. "आज आपली गाठच आत्ता पडतेय!"

"ज्याला ती मूर्ती म्हणजे नुसता दगड, तो तिचे डोळे कशाला झाकेल?" बाई म्हणाल्या. "देव बघेल, ही धास्ती भक्तालाच. किल्ल्या दोन भक्तांकडे. बुवांना लपवायचं असतं, तर शालीचं मला बोललेच नसते. उरलात तुम्ही."

"मी का करीन?"

"परवा हेच लोक कोरड्या नळांचा जाब विचारायला तुमच्या दारात आले होते. निवडणूक तोंडावर आलेली. आज पाण्याचं नाव कोणी काढलं?"

दादासाहेबांची मान खाली गेली. शिपायाने दंड धरला.

"तरी पण," गर्दीतून कोणीतरी पुटपुटलं, "आज नाही तर उद्या चाचाने केलंच असतं की."

कोणी त्याला गप्प केलं नाही.

बाईंनी दार ठोठावलं. "चाचा, उघडा. गुन्हेगार सापडला."

आतून चाचाचा दबका आवाज आला, "लोक गेले का, बाई?"

बाईंनी वळून पाहिलं. कोणीच हललं नव्हतं. हातातले दगडही खाली पडले नव्हते.

"नाही," त्या म्हणाल्या, आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.